तीन कानांचा प्याला

हडप्पाची लिपी वाचल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे छापून येते. कुणाला त्यात संस्कृत दिसतं, कुणाला तमिळ. बातमी आली की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण वाचलेलं बरोबर आहे हे कळणार कसं? लिहिणारे तर कधीच गेले. तपासायला उत्तरपत्रिका कुणाकडे आहे?"

प्रश्न रास्त आहे. दायमाबादच्या उत्खननात, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातही, या लिपीच्या खुणा असलेल्या खापऱ्या निघाल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न अगदी परका नाही. पण त्याचं सगळ्यात समाधानकारक उत्तर ज्या प्रकरणातून मिळतं ते ग्रीसमध्ये घडलं, आणि तिथे साक्षीला उभा राहिला एक प्याला. खरं तर प्याल्याचं नाव: देपास. होमरच्या महाकाव्यांत वीर ज्यातून मद्य पितात आणि देवांना अर्घ्य देतात, तो हा देपास.

१. दुभाषा नसताना

जुनी लिपी वाचायचा सोपा मार्ग म्हणजे दुभाषा गाठणं. एकच मजकूर दोन लिप्यांत मिळाला आणि त्यातली एक येत असली की काम निम्मं झालं. इजिप्तची चित्रलिपी रोझेटाच्या शिळेमुळे उलगडली. आपली खरोष्ठी उलगडली ती इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांमुळे. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, आणि राजा तोच. हडप्पाच्या, म्हणजे सिंधू लिपीला असा दुभाषा अजून मिळालेला नाही, शिवाय तिचे लेख सरासरी पाचेक चिन्हांत आटोपतात.

क्रीट बेटावर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली क्नोसॉसचा राजवाडा खणायला घेतला. तिथे मातीच्या पाट्या निघाल्या, आणि त्यांनाही दुभाषा नव्हता. पाट्यांवर दोन जवळच्या लिप्या होत्या; इव्हान्सनी त्यांना लिनियर ए आणि लिनियर बी अशी नावं दिली. आपली गोष्ट बी-ची. या पाट्या मुळात भाजलेल्या नव्हत्या. कारकुनाने ओल्या मातीवर टोकदार काडीने लिहायचं, पाटी वाळू द्यायची आणि काम झालं की माती पुन्हा मळायची, असा हिशेब. राजवाड्यांना आग लागली, त्या आगीत पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. राजवाडा जळतो तेव्हा बहुतेक वेळा दप्तरही जातं. इथे दप्तरच तेवढं उरलं.

पाट्यांवर शब्दांपुढे छोटी चित्रं आणि आकडे होते: रथ, मेंढ्या, भांडी, घोडे. म्हणजे हा हिशेबाचा व्यवहार आहे हे लिपी न वाचताही कळत होतं. ही चित्रं लक्षात ठेवा.

इव्हान्सचा एक किस्सा इथेच सांगतो. एका पाटीवर आयाळ नसलेल्या घोड्यापुढे दोन चिन्हं होती. सायप्रसच्या एका वाचता येणाऱ्या लिपीशी ती चिन्हं जुळवली तर वाचन होत होतं 'पो-लो'. ग्रीक भाषेत 'पोलोस' म्हणजे शिंगरू. इव्हान्सच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. क्रीटची ही संस्कृती ग्रीक नव्हे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. समोर शिंगरू उभं असताना त्यांनी त्याला ओळख दिली नाही.

२. आवाजाशिवाय बाराखडी

आधी एक साधी मोजणी. लिपीत वीस-पंचवीस चिन्हं असली तर ती रोमनसारखी एकेका आवाजाची असणार. हजारो असली तर चिनीसारखी, शब्दागणिक चिन्ह. लिनियर बी-मध्ये चित्रं सोडून साधारण नव्वद चिन्हं होती. एवढी संख्या बसते ती अक्षरांच्या लिपीला: 'क' वेगळा, 'की' वेगळी, 'को' वेगळा. मराठी वाचकाला हे समजावायला दोन वाक्यं पुरतात, कारण आपण बाराखडीतच वाढलो. फरक एवढाच, की आपल्या 'का' आणि 'की'मध्ये 'क' डोळ्यांना दिसतो. लिनियर बी-मध्ये 'का' आणि 'की' यांच्या आकारात काही संबंधच नाही.

आता एक खेळ खेळू. समजा मराठी अशाच लिपीत लिहिली आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही. 'डा'ऐवजी चंद्र, 'डी'ऐवजी मासा, 'डे'ऐवजी नांगर. 'घोडा, घोडी, घोडे' हे तीन शब्द तुम्हाला असे दिसतील: सुरुवातीला तेच एक चिन्ह, आणि शेवटी कधी चंद्र, कधी मासा, कधी नांगर. अशीच तिघांची जोडणी दुसरीकडेही सापडते: 'काळा, काळी, काळे', शेवटी कधी घंटा, कधी पान, कधी विळा. तुम्हाला एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नाही. तरी दोन गोष्टी सांगता येतात. चंद्र, मासा, नांगर यांचं व्यंजन बहुधा एकच असावं, कारण शब्द तोच आहे आणि फक्त शेपूट बदलतंय. आणि चंद्र व घंटा यांचा स्वर एकच असावा, कारण दोघंही शब्दाच्या त्याच रूपात येतात. आडव्या ओळीत समान व्यंजन, उभ्या ओळीत समान स्वर. बाराखडीचा तक्ता तयार व्हायला लागला, आणि अजून तोंडातून एक अक्षर निघालेलं नाही.

हे काम केलं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी. त्यांनी अशा त्रिकुटांचा माग काढला आणि शब्दांना प्रत्यय लागतात हे दाखवून दिलं. युद्धकाळात कागद मिळेना, म्हणून पत्रकांच्या कोऱ्या बाजू आणि वह्यांची वेष्टनं कापून त्यांनी सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या केल्या आणि सिगरेटच्या खोक्यांत लावून ठेवल्या. चिन्हाला आवाज चिकटवायची घाई त्यांनी कधी केली नाही. १९५० साली त्या वारल्या, वयाच्या ४३व्या वर्षी. या गोष्टीत माझा सगळ्यात जास्त जीव कुणात असेल तर या बाईंत.

३. गावांची नावं

तक्ता पुढे नेला मायकेल व्हेंट्रिस यांनी. हा माणूस पेशाने वास्तुविशारद, शाळांच्या इमारतींचे आराखडे करणारा. चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका प्रदर्शनात त्याने म्हाताऱ्या इव्हान्सना ऐकलं होतं, तेव्हापासून ही लिपी त्याच्या डोक्यात होती. १९५१ साली अभ्यासक एमेट बेनेट यांनी ग्रीसच्या मुख्य भूमीवरील पायलोसच्या पाट्या छापल्या आणि चिन्हं ताडून पाहायला भरपूर माल मिळाला.

व्हेंट्रिसच्या डोक्यात एक विचार आला. कोबर यांची त्रिकुटं फक्त क्रीटच्या पाट्यांवर दिसतात. मग ती तिथल्या गावांची नावं तर नसतील? आपण कोल्हापूरवरून कोल्हापुरी म्हणतो तशी? तक्त्यातल्या मोजक्या चिन्हांना त्याने अंदाजाने आवाज दिले. 'अ-मि-नि-सो' आलं: क्नोसॉसचं बंदर आम्निसॉस. 'को-नो-सो': खुद्द क्नोसॉस. बाराखडीत एका घरात आवाज भरला की शेजारची घरं आपोआप भरतात. 'न'ची ओळ कळली, 'ओ'चा स्तंभ कळला. घरं भरत गेली तसे शब्द ग्रीकसारखे दिसू लागले. व्हेंट्रिसला हे अपेक्षित नव्हतं. त्याचा होरा इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन भाषेकडे होता. १ जुलै १९५२ रोजी बीबीसी रेडिओवरून त्याने सांगून टाकलं की ही ग्रीक आहे. होमरच्याही पाचेकशे वर्षं आधीची.

ते भाषण ऐकणाऱ्यांत केंब्रिजचे तरुण भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक होते. त्यांनी तक्ता मिळवला, स्वतः चालवून पाहिला आणि मग दोघांची जोडी जमली.

४. शंकेला जागा होतीच

शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते बिनबुडाचं नव्हतं. ही लिपी ग्रीक भाषेला घट्ट अंगरख्यासारखी होते. जोडाक्षर लिहिता येत नाही, म्हणून 'त्रि'चं 'ति-रि' होतं. शब्दाच्या शेवटचा 'स' किंवा 'न' गाळलेला असतो. 'र' आणि 'ल' यांना एकच चिन्ह, 'प', 'फ' आणि 'ब' यांनाही एकच. म्हणजे 'देपास' लिहायचा तर फार तर 'दे-पा' असा. मोडी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि तरी पेशवे दफ्तर वाचलं जातं, कारण वाचणाऱ्याला मराठी येते आणि संदर्भ ठाऊक असतो.

पण ज्या भाषेची खात्रीच नाही तिच्याबाबत अशी सूट धोक्याची. 'क' म्हणजे 'क', 'ख' किंवा 'ग', शेवटचं अक्षर हवं तर धरा, नाहीतर सोडा: एवढी मोकळीक मिळाली तर मी तुम्हाला भाजीवाल्याच्या यादीतूनही ग्रीक काढून दाखवीन. सिंधू लिपीचे बहुतेक 'उलगडे' या मोकळिकीतच घसरतात. हवी होती एक अशी पाटी, जी तक्ता बनवताना व्हेंट्रिसने पाहिलेलीच नाही, आणि जिच्यावर शब्दाचा अर्थ काय ते स्वतः कारकुनानेच दुसऱ्या मार्गाने सांगून ठेवलंय.

५. मातीची एक पाटी

पायलोसला उत्खनन करत होते अमेरिकेचे कार्ल ब्लेगन. १९५२च्या हंगामात निघालेल्या पाट्या १९५३च्या वसंतात साफ होत होत्या. व्हेंट्रिसचा तक्ता ब्लेगनच्या हाती होता. एका पाटीवर चित्रं एरवीपेक्षा ठळक होती. त्यांनी तक्ता लावून शब्द वाचले आणि १६ मे १९५३ रोजी व्हेंट्रिसला पत्र लिहून पाटीची नक्कल पाठवली. अभ्यासक तिला आज टीए ६४१ या क्रमांकाने ओळखतात.

पाटी भांड्यांची आहे. लग्नघरी रुखवताची किंवा देवळात उपकरण्यांची यादी करतात तशी. आधी येतात तीन पायांची भांडी. चित्रात तीन पाय स्पष्ट, आणि पुढचा शब्द तक्त्याने वाचला तर 'ति-रि-पो'. ग्रीक त्रिपोस, आपल्याकडे त्रिपाद, आणि बोलीत तिपाई. दोन क्रीटच्या घडणीच्या, एकीला एकच पाय उरलेला, आणि एकीचे पाय जळलेले. हे मी बनवून सांगत नाही, कारकुनाने 'पाय जळालेली' असं लिहून ठेवलंय. मोडकं भांडंही नगाला नग मोजणारा हा माणूस मला कुठल्याही सरकारी कोठारात भेटेल असं वाटतं.

मग रांजण, आणि त्यानंतर आपले प्याले. शब्द आहे 'दि-पा'. नोंदी अशा:

मोठा दि-पा, 'क्वे-तो-रो-वे': १
मोठे दि-पा-ए, 'ति-रि-ओ-वे-ए': २
लहान दि-पा, 'क्वे-तो-रो-वे': १
लहान दि-पा, 'ति-रि-यो-वे': १
लहान दि-पा, 'अ-नो-वे': १

आणि प्रत्येक नोंदीपुढे भांड्याचं चित्र. 'क्वे-तो-रो-वे'पुढच्या चित्रात काठाला चार मुठी, 'ति-रि-ओ-वे'पुढे तीन, 'अ-नो-वे'पुढे एकही नाही.

६. कपाचा कान

आता शब्द फोडू, आणि इथे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा सोपं जातं. इंग्रजीत कपाला मूठ असते. आपल्याकडे कपाला कान असतो. कान तुटलेला कप पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत, त्यात विरजण लावतात. ग्रीकांचंही तसंच. त्यांचा कानासाठीचा जो शब्द, तोच भांड्याच्या मुठीसाठी. पाटीवरच्या 'ओ-वे'त तो कान आहे.

'ति-रि' म्हणजे त्रि. तीन कानी. 'अ-नो-वे'तला 'अन' म्हणजे अनादर, अनावश्यक यांतला नकाराचा 'अन्'. बिनकानी. उरला 'क्वे-तो-रो'. नंतरच्या ग्रीकमध्ये चाराला 'तेत्तारेस' म्हणतात, समासात 'तेत्रा'. मग हा 'क्वे' कुठून आला? लॅटिनमध्ये चाराला 'क्वात्तुओर' म्हणतात, संस्कृतात 'चत्वारः'. या तिन्ही बहिणी ताडून भाषाशास्त्रज्ञांनी फार आधी मांडलं होतं की ग्रीकमध्येही पूर्वी 'क्व' असणार, पुढे त्याचा 'त' झाला. तो 'क्व' कुणी लिहिलेला पाहिला नव्हता. तो या पाटीवर मिळाला, चार कानांच्या चित्राशेजारी.

अजून एक बारकावा. तीन कानी दोन प्याल्यांच्या नोंदीत शब्द 'दि-पा' नाही, 'दि-पा-ए' आहे. एका तिपाईला 'ति-रि-पो', दोन तिपायांना 'ति-रि-पो-दे'. शाळेत 'रामः, रामौ, रामाः' घोकलेल्यांना हे द्विवचन लगेच कळेल. जुन्या ग्रीकमध्ये संस्कृतासारखंच द्विवचन होतं, आणि ते इथे नेमकं २ या आकड्यापुढेच आलंय.

योगायोगाचा अंदाजही बांधून पाहू. साधारण १२ व्यंजनं आणि ५ स्वर धरले तर तक्त्यात ६० घरं होतात. 'ति' आणि 'रि' ही दोन अक्षरं आंधळेपणाने जुळायची शक्यता ३,६००त एक. 'क्वे-तो-रो-वे' ही चारही जुळायची शक्यता १ कोटी २९ लाख ६० हजारांत एक. लिपीच्या ढिलाईची सूट द्या, ही संख्या शंभरपट कमी करा. तरी एकाच पाटीवर चार, तीन आणि शून्य कान आपापल्या जागी येऊन बसतात, याला योगायोग म्हणायला बरंच धाडस लागेल.

ते धाडस काहींनी केलंही. एडिंबरोचे प्राध्यापक बीटी यांनी १९५६ साली या उलगड्यावर जोरदार टीका केली. व्हेंट्रिसने पाटी आधीच पाहिली असावी, असंही बोललं गेलं. पण तक्ता लोकांच्या हाती गेला तेव्हा पाटीवर अजून मातीचा थर होता. १९५४ साली कोपनहेगनच्या परिषदेत या पाटीचं चित्र पडद्यावर येताच, व्हेंट्रिसने तोंड उघडायच्या आधी टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर १९५६ रोजी, मोटार अपघातात तो गेला. वय ३४. चॅडविकसोबत लिहिलेला त्याचा मोठा ग्रंथ काही आठवड्यांनी बाहेर आला.

७. नेस्टॉरचा देपास

एक खटकणारी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. पाटीवर शब्द 'दि-पा' आहे, 'दे-पा' नाही. आणि चित्रातलं भांडं हातात धरून प्यायचं वाटत नाही. खांदे रुंद, बूड निमुळतं, चांगलं मोठं. दोन्ही अडचणींना उत्तरं आहेत. 'इ'-'ए'ची अशी अदलाबदल परक्या भाषेतून आलेल्या शब्दांत होते, आणि देपास हा ग्रीकांनी आशिया मायनरकडून उचललेला शब्द असावा, असं अनेकांना वाटतं. आकाराबद्दल होमरच मदतीला येतो.

'इलियड'च्या अकराव्या सर्गात म्हाताऱ्या नेस्टॉरचा देपास येतो. त्याला सोन्याचे खिळे मारलेले, चार कान, आणि प्रत्येक कानापाशी दोन-दोन कबुतरं. होमरही 'कान' हाच शब्द वापरतो. भरलेला असला तर दुसऱ्याला तो मेजावरून हलवणं जड जायचं, नेस्टॉर मात्र सहज उचलायचा. त्यात पेय तयार करते त्याची दासी हेकामेदे: मद्यात ब्राँझच्या किसणीने बकरीच्या दुधाचं चीज किसायचं आणि वरून सातूचं पांढरं पीठ भुरभुरायचं. चव कशी लागत असेल ते ज्याचं त्याने ठरवावं. किसण्या मात्र खऱ्या आहेत, युबिया बेटावर लेफ्कांडीच्या कबरींत ब्राँझच्या किसण्या निघाल्या आहेत. तर देपास म्हणजे एके काळी असं घसघशीत भांडं असणार, आणि काव्यात पुढे त्याचा प्याला झाला असणार. हा नेस्टॉर कुठला राजा? पायलोसचाच. जिथल्या यादीत चार कानी देपास नोंदलाय, तिथला. म्हणून तो त्याचाच, असं मात्र म्हणू नये. १८७६ साली ग्रीसमधल्या मायसीनीच्या कबरीत उत्खनन करणाऱ्या श्लीमान यांना कानांवर पक्षी बसवलेला सोन्याचा प्याला सापडला, तेव्हा त्यांनी तो नेस्टॉरचा ठरवून टाकला. त्याला कान दोनच.

नेस्टॉरचं नाव खरोखर लिहिलेला प्याला मिळाला तो १९५४ साली, नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर. इ.स.पू. आठव्या शतकातला, मातीचा, जेमतेम १० सेंटीमीटर उंच. त्यावर उजवीकडून डावीकडे तीन ओळी कोरल्या आहेत. नेस्टॉरचा प्याला पिण्यास उत्तम, पण यातून पिईल त्याला अफ्रोडाइटीची, म्हणजे प्रेमाची ओढ लागेल, अशा आशयाच्या. दुसऱ्याला जेमतेम हलणारं ते सोन्याच्या खिळ्यांचं भांडं कुठे आणि हे मुठीत मावणारं खापर कुठे! मेजवानीतली थट्टाच ती. ग्रीक अक्षरांतल्या सगळ्यात जुन्या पद्यओळींत तिची गणना होते.

या प्याल्यावर देपास हा शब्द नाही. तिथे आहे 'पोतेरियोन', पिण्याच्या धातूपासून आलेला. संस्कृत 'पा', आणि त्यावरून आपलं पाणी. देपास तोवर काव्यापुरताच उरला होता. पुढे अथेन्सच्या मेजवान्यांत किलिक्स, स्किफोस, कांथारोस अशी वेगवेगळ्या घाटांची नावं ऐकू येतात. शब्द जुना होऊन पोथीत गेला, आणि ती पोथी लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी एका कारकुनाने ओल्या मातीवर लिहिलेला तेवढा राहिला.

पाटीवरच्या शेवटच्या प्याल्याकडे मी अजूनही परत जातो: लहान दि-पा, बिनकानी, १. त्याचा कान तुटला होता की घडवतानाच बसवला नव्हता? ज्याने तिपाईचे जळलेले पाय नोंदवायचे सोडले नाहीत, त्याने तुटका कानही नोंदवलाच असता. चित्रात कड गुळगुळीत काढली आहे. मला वाटतं, तो कुंभाराकडून किंवा तांबटाकडून तसाच आला असावा.